पाण्याच्या वरचं गाव

गणपतीच्या कमिटीत एकत्र काम केलेली माणसं उत्सव संपल्यावरही एकमेकांशी बोलतात, हे आमच्या मंडळातलं एक आश्चर्यच. आम्ही चौघं त्याच्याही पुढे गेलो. गेली सहा वर्षं दर मे महिन्यात पाठीला सॅक अडकवून आम्ही तीन-चार दिवस जंगलात जातो. एक भूलतज्ज्ञ डॉक्टर, एक अकाउंटंट, एक नागपूरकर (तो काय करतो हे त्याचं बोलणं संपलं की विचारायचं आहे) आणि प्रस्तुत लेखक.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला गेलो. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेलं हे सुमारे सव्वापाच लाख एकरांचं जंगल. अमेरिकेतल्या कुठल्याही नॅशनल पार्कपेक्षा इथे जास्त माणसं येतात, वर्षाला एक कोटीहून अधिक. त्यातली बहुतेक गाडीतूनच डोंगर बघतात, अस्वल दिसलं तर रस्ता अडवतात आणि संध्याकाळी हॉटेलात परततात. आम्हाला गर्दी नको होती, म्हणून आम्ही पार्कची दक्षिणेकडची कड निवडली. तिथे फोंटाना तलावाच्या काठाकाठाने 'लेकशोअर ट्रेल' नावाची सुमारे ३५ मैलांची वाट आहे. चार दिवस आणि तीन रात्री. सामानात तंबू, थेपले, मेतकूट, तांदूळ आणि डॉक्टरांच्या आग्रहावरून नको तेवढी औषधं.

प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा इरादा नाही. पाय कुणाचे सोलले आणि चिवडा कुणी संपवला, हे आमच्या चौघांतच राहिलेलं बरं. मला सांगायचं आहे ते त्या वाटेबद्दल, कारण ती वाट मुळात वाट नव्हतीच.

धरणाच्या भिंतीवरून

चालायला सुरुवात होते ती फोंटाना धरणाच्या भिंतीवरून. ४८० फूट उंचीचं हे काँक्रीटचं धरण लिटल टेनेसी नदीवर आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात याहून उंच धरण नाही. त्याचं काम सुरू झालं जानेवारी १९४२ मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच. विमानांसाठी ॲल्युमिनियम हवं होतं, ॲल्युमिनियमसाठी वीज हवी होती आणि विजेसाठी धरण. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, म्हणजे टीव्हीए, या सरकारी संस्थेने रात्रंदिवस तीन पाळ्यांत हजारो माणसं राबवून ते उभं केलं. नोव्हेंबर १९४४ मध्ये दरवाजे बंद झाले आणि पाणी चढू लागलं.

धरण दिसलं की मला गप्प बसवत नाही, हे माझ्या मित्रांना ठाऊक आहे. पोटापाण्यासाठी मी आज सॉफ्टवेअर लिहीत असलो, तरी माझी डॉक्टरेट काँक्रीटच्या धरणांवरची आहे. आमच्या त्या विषयात आपलं कोयना धरण जगप्रसिद्ध आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात त्या धरणाला तडे गेले आणि त्या धक्क्यांची नोंदही हाती आली. तेव्हापासून भूकंपात काँक्रीटचं धरण कसं तडकेल याचं गणित मांडणारा जगभरातला विद्यार्थी आधी कोयनेवर हात साफ करतो. अबॅकस या प्रसिद्ध सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या उदाहरणांतही कोयनाच आहे. १०३ मीटर उंचीचा तो छेद मी चार वर्षं रोज पडद्यावर पाहिला. धरणामागचं पाणी म्हणजे माझ्या लेखी भिंतीला एका बाजूने रेटणाऱ्या बाणांचा त्रिकोण, वर लहान बाण आणि खाली मोठे.

त्या त्रिकोणाच्या तळाशी माझ्या आजोबांचं घर होतं. मला ते लहानपणापासून माहीत होतं. आमची सगळी भावकी कोयनेच्या खोऱ्यातून उठून सोलापूर जिल्ह्यात आली, त्या वेळी अण्णा, म्हणजे माझे वडील, दहा वर्षांचे होते. धो धो पावसात भात आणि नाचणी पिकवणारी माणसं ज्वारीच्या कोरड्या रानात येऊन बसली. आजी मरेपर्यंत म्हणायची, "हितं पाऊस पडतो का शिंपडतो?" हे सगळं मला ठाऊक होतं आणि बाणांचा त्रिकोणही ठाऊक होता. दोन्हींची गाठ मात्र माझ्या डोक्यात कधी पडली नव्हती. ती पडली फोंटानाच्या पलीकडच्या काठावर, दुसऱ्याच लोकांच्या गावात.

जंगलातल्या मोटारी

भिंत ओलांडून जंगलात शिरल्यावर थोड्याच अंतरावर नागपूरकर थबकला. "अरे, इथे पार्किंग कोणी केलं बे?" म्हणाला. झाडांच्या मध्ये एक गंजलेली मोटार पडली होती. चाकं नाहीत, काचा नाहीत, बॉनेटमधून झाड वर आलेलं. पुढे आणखी एक दिसली, मग आणखी एक. सगळ्या १९३०-४० च्या काळातल्या घाटाच्या.

मग लक्षात आलं की आम्ही ज्या सपाट, रुंद वाटेने आरामात चालत होतो, ती पायवाट नव्हतीच. तो जुना हमरस्ता होता. नॉर्थ कॅरोलायना हायवे २८८. नदीच्या उत्तर काठाने जाणारा हा रस्ता तिथल्या गावांना एकमेकांशी आणि ब्रायसन सिटी या तालुक्याच्या गावाशी जोडत असे. धरण झालं आणि या रस्त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. उंचावरचे काही तुकडे तेवढे उरले, आणि ज्या गाड्या बाहेर काढता आल्या नाहीत त्याही जागच्या जागी राहिल्या.

या गोष्टीतली मेख मला फार विचित्र वाटली. उत्तर काठावरच्या पुष्कळ लोकांची घरं आणि शेतं बुडणार नव्हती. ती पाण्याच्या बरीच वर होती. बुडणार होता तो फक्त रस्ता. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला १९३४ मध्ये स्थापन झालेलं नॅशनल पार्क, आणि मध्ये सुमारे ४४,००० एकरांचा पट्टा, २१६ कुटुंबांसह, कुठेच जायला वाट नसलेला. नवा रस्ता बांधायचा तर पैसा हवा, पोलाद हवं, मजूर हवेत. ते सगळं युद्धात गुंतलेलं. तेव्हा सरकारने हिशेब केला की रस्ता बांधण्यापेक्षा माणसं हलवणं सोपं आहे. १९४३ मध्ये एक करार झाला. त्यावर टीव्हीए, केंद्र सरकारचं अंतर्गत खातं, नॉर्थ कॅरोलायना राज्य आणि स्वेन काउंटी अशा चौघांच्या सह्या होत्या. पाण्याच्या वरची ही सगळी जमीन टीव्हीएने घ्यायची आणि पार्कला जोडायची. बदल्यात, युद्ध संपल्यावर केंद्र सरकारने उत्तर काठाने नवा रस्ता बांधून द्यायचा, म्हणजे लोकांना निदान आपल्या पूर्वजांच्या थडग्यांपर्यंत जाता येईल.

काही जमीनमालक कोर्टात गेले. धरणाला आमची जमीन लागत नाही, मग ती कशी घेता, असा त्यांचा साधा प्रश्न. खालच्या कोर्टांनी त्यांचं ऐकलं. पण मार्च १९४६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. सार्वजनिक कामासाठी काय आवश्यक आहे हे ठरवण्याचा अधिकार काँग्रेसने टीव्हीएला दिलेला आहे, असा त्याचा मथितार्थ. निकाल लागला तेव्हा युद्ध संपून काही महिने झाले होते.

'सार्वजनिक काम' हे शब्द आपल्याला नवीन नाहीत. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला तो याच शब्दांविरुद्ध. कोयनेच्या वेळी देश आपला होता, सरकार आपलं होतं, म्हणून लोक मुकाट्याने उठले. सुमारे शंभर गावांची ती गोष्ट. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ मध्ये. कोयना धरण तर १९६४ मध्येच पूर्ण झालं होतं.

कुणाचं जंगल

दुसऱ्या दिवशी आम्ही हेझल क्रीक या ओढ्याकाठी, प्रॉक्टर नावाच्या जागी पोचलो. नकाशावर ती आता कॅम्पसाइट नंबर ८६ आहे. एके काळी मात्र ते चांगलं नांदतं गाव होतं. १८३० च्या सुमारास इथे प्रॉक्टर नावाचं पहिलं गोरं कुटुंब आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिटर या लाकूड कंपनीने आगगाडी आणली आणि गावात शाळा, चर्च, दुकानं आली. १९२८ मध्ये लाकूड संपलं तशी कंपनी निघून गेली. तोवर वीस कोटी बोर्ड फुटांच्या आसपास लाकूड या एका खोऱ्यातून बाहेर गेलं होतं. आज तिथे एकच घर उभं आहे. बाकी कंपनीच्या इमारतींचे विटांचे सांगाडे आणि घरांच्या धुराड्यांचे दगडी खांब. एखाद्या सपाट तुकड्यावर सरळसोट ट्यूलिप पॉपलर दाटीने उभे दिसले की समजावं, इथे शेत होतं. वसंताच्या सुरुवातीला या रानात मध्येच डॅफोडिल फुलतात म्हणे. जंगलात ते आपोआप उगवत नाहीत. कुणीतरी बाई अंगणात लावून गेलेली असते.

म्हणजे आम्ही ज्याला 'अस्पर्श निसर्ग' म्हणत होतो, तो शंभर वर्षांपूर्वी बोडका डोंगर होता. स्मोकीचा बराच भाग लाकूड कंपन्यांनी असाच भादरला होता. ते पाहून ज्यांच्या पोटात तुटलं, त्यांनी पार्कची मागणी केली. होरेस केपहार्ट हा त्यांतला एक. सेंट लुईसमधली ग्रंथपालाची नोकरी आणि संसार, दोन्ही मोडल्यावर तो १९०४ मध्ये या डोंगरांत आला आणि याच हेझल क्रीकच्या वरच्या अंगाला एका झोपडीत तीन वर्षं राहिला. इथल्या डोंगरी लोकांवर त्याने १९१३ मध्ये 'अवर सदर्न हायलँडर्स' हे पुस्तक लिहिलं. त्याचा जोडीदार जॉर्ज मासा हा ॲशविलमध्ये राहणारा जपानी फोटोग्राफर. सायकलच्या चाकाला अंतर मोजायचं यंत्र लावून हा गृहस्थ डोंगरातल्या वाटा मोजत हिंडायचा. परदेशातून आलेला, आडनाव कुणाला नीट न उच्चारता येणारा आणि मोजमापाचं वेड असलेला हा माणूस आम्हा चौघांना अर्थातच जवळचा वाटला. केपहार्ट १९३१ मध्ये गेला, मासा १९३३ मध्ये. पार्क झालेलं दोघांनीही पाहिलं नाही. आज त्यांच्या नावांची दोन शिखरं शेजारी शेजारी आहेत.

पार्कसाठी जमीन मात्र सरकारच्या मालकीची नव्हती, ती विकत घ्यावी लागली. दोन राज्यांच्या विधिमंडळांनी प्रत्येकी वीस लाख डॉलर मंजूर केले, शाळकरी पोरांनी पेनी जमवल्या आणि १९२८ मध्ये रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून ५० लाख डॉलर आले. लाकूड कंपन्यांबरोबर शेकडो शेतकरी कुटुंबांनाही उठावं लागलं. त्यामुळे फोंटानाच्या लोकांचं उठणं हे या डोंगरांतलं पहिलं नव्हे. आणि त्यांच्याही आधी, १८३८ मध्ये, चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात इथून शेकडो मैल पश्चिमेला हाकललं गेलं. त्या वाटेवर हजारो मेले. जे डोंगरात लपून किंवा इतर मार्गांनी मागे राहिले, त्यांचे वंशज आज पार्कच्या दारातच, क्वाला बाउंड्रीत राहतात. पार्कमधल्या सर्वांत उंच शिखराला दीडशेहून अधिक वर्षं 'क्लिंगमन्स डोम' म्हणत. चेरोकींच्या मागणीवरून सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला त्यांचं जुनं नाव परत मिळालं, 'कुवोही', म्हणजे तुतीच्या झाडांची जागा. प्रॉक्टर गावातल्या लोकांवर अन्याय झाला हे खरं, पण त्यांचं गाव वसलं तेही आधीच्या कुणाला तरी उठवून मोकळ्या केलेल्या मुलखात.

"तुम्ही कुणाचे?"

तिसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी तंबू आवरत होतो तोच माणसांचे आवाज आले. बघतो तर पंचवीस-तीस माणसं ओढ्याकाठच्या रस्त्याने येत होती. म्हाताऱ्या बायका, टोपीवाले आजोबा, कडेवर पोरं. हातांत रंगीत कापडी फुलं, फावडी आणि झाकलेल्या जेवणाच्या टोपल्या. तो 'डेकोरेशन डे' होता. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात वर्षातून एका रविवारी सगळी भावकी जमून थडगी झाडते, माती सारखी करते, फुलं ठेवते आणि मग तिथेच जेवते. उत्तर काठावर अशी अठ्ठावीसच्या आसपास स्मशानं उरली आहेत, पण रस्ता नाही. १९७८ पासून इथल्या वंशजांनी ही प्रथा पुन्हा नेटाने सुरू केली. पार्कचं खातं त्यांना होडीने तलाव ओलांडून आणतं आणि त्यासाठी पैसे घेत नाही.

आम्ही बाजूला उभे राहिलो. ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी आमच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "हू आर युवर पीपल?"

अकाउंटंटने भाबडेपणाने सांगितलं, "इंडियन." आजी हसल्या. त्यांचा प्रश्न तो नव्हताच. कुठल्याही खेड्यात पारावरचा म्हातारा नव्या पोराला विचारतो ना, "तू कुणाचा रं?" तोच हा प्रश्न. इथे कुणी पुरलेलं असल्याशिवाय माणूस इतक्या आडवाटेला येईल कशाला, असं त्यांना वाटलं असावं.

मी त्यांना सांगितलं की आमचं कुणी इथे नाही, पण माझ्या आजोबांचं गावही असंच एका धरणात गेलं. आजींनी विचारलं, "मग तुम्हाला होडी मिळते का?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण होडी मिळते. कॉलेजात असताना मी मित्रांबरोबर वासोट्याला गेलो होतो. बामणोलीहून होडीत बसलो, शिवसागर ओलांडला, वनखात्याची परवानगी दाखवली आणि गड चढलो. होडीत आम्ही भेंड्या खेळत होतो. खाली काय आहे हे माझ्या मनातही आलं नाही. काठावरचं जंगल १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. त्या जंगलाचा मला अभिमान होता आणि आहे. पण तिथेही पाण्याच्या वर राहिलेल्या वाड्यांना पुढे जंगलासाठी उठण्याची वेळ आली. आम्हा ट्रेकवाल्यांना मात्र ते 'निबिड अरण्य' होतं.

आजींनी जास्त खोदून विचारलं नाही. आम्हाला जेवायला बसवलं. तळलेलं चिकन, मक्याची भाकरी म्हणावी असा कॉर्नब्रेड आणि कसलंतरी गोड लोणचं. आम्ही आमचे उरलेले थेपले पुढे केले. एका आजोबांनी दोन खाल्ले आणि तिसरा खिशात टाकला.

बोगदा

शेवटच्या दिवशी वाट एका बोगद्यात शिरते. सुमारे १,२०० फूट लांब, मोटारी जाव्यात एवढा रुंद, आत मिट्ट काळोख. जंगलाच्या मध्यभागी असा बोगदा का, हे ठाऊक नसेल तर भुताटकीच वाटावी. हा त्या १९४३ च्या वचनातला रस्ता. १९६० च्या दशकात तो खरोखर बांधायला घेतला गेला. सहा-सात मैल झाला. मग डोंगर फोडताना असा खडक लागला की त्याच्यावरून वाहणारं पाणी आम्लधर्मी होऊन ओढ्यांतले मासे मरू लागतील. खर्चही आवाक्याबाहेर गेला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काम थांबलं ते कायमचं. बोगदा झाला आणि त्याच्या पलीकडे रस्ताच नाही. ब्रायसन सिटीच्या बाजूला एक पाटी लागली: 'रोड टू नोव्हेअर, मोडलेलं वचन, १९४३ ते ?'

पुढची तीस-चाळीस वर्षं स्वेन काउंटीत दोन तट राहिले. एकाला रस्ताच हवा होता, दुसऱ्याला त्याच्या बदली पैसे. पर्यावरणवाले दुसऱ्या बाजूला. अखेर २०१० मध्ये केंद्र सरकारने रस्त्याच्या बदल्यात काउंटीला ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. काही रक्कम दिली, मग हप्ते रखडले. काउंटीने कोर्टात धाव घेतली आणि शेवटचे ३ कोटी ५२ लाख मिळाले २०१८ मध्ये. वचन दिल्यापासून बरोबर ७५ वर्षांनी.

रस्ता झाला नाही हे जंगलाच्या दृष्टीने चांगलंच झालं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्या चार दिवसांत ऐकलेली शांतता रस्त्याने राहिली नसती. पण ही शांतता फुकट आलेली नाही, आणि तिची किंमत मोजणारी माणसं अजून हयात आहेत. आपण परदेशातली मराठी माणसं डोंगराची हौस भागवायला लांब लांब जातो. जाताना अंतर, चढ आणि अस्वलं यांची माहिती काढतो. तशीच इथून कोण उठलं आणि त्यांना काय सांगून उठवलं, एवढीही काढावी. त्याने सॅकचं वजन वाढत नाही.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर फोनला रेंज आली तशी मी सोलापूरला अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं. होडी, फुलं, आजी, बोगदा. ते बराच वेळ ऐकत होते.

"मग रस्ता केला का न्हाई त्यांनी?"

"नाही अण्णा. पैसे दिले."

"किती वर्षांनी?"

"पंच्याहत्तर."

अण्णांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा. म्हणाले, "मग आपल्याला अजून धा-एक वर्षं हाईत." आणि थोडं थांबून, "पुढच्या टायमाला आलास की त्या वासोट्याच्या होडीत मला घिऊन चल. गाव कुठं हाय ते मी दाखवतो."

डिसेंबरचं तिकीट काढलं आहे.